मऊ व्यंजनं

"टिंब की शेपटी?" हेरंबने कागद बायकोच्या नाकापुढे नाचवला.

लेकीला गुपितं बोलायला नवी भाषा हवी होती, ती त्याने हौसेने रचायला घेतली. शब्द चटकन जमले, लेकीने पाठही केले. घोडं अडलं ते लिहिण्यापाशी. प्रत्येक व्यंजनाला त्याने जीभ टाळूला लावून करायचा एक मऊ उच्चार बहाल केला होता, आणि तो दाखवायचा कसा, यावरून त्याचं स्वतःशीच भांडण चाललं होतं. य जोडला की अक्षर गबाळं दिसे, टिंब दिलं की माशी बसल्यासारखं.

"शेपटीच छान. ठरवा एकदाचं," वासंती पोळी लाटत म्हणाली.

काल हिला टिंब छान वाटलं होतं! हेरंबला तिची कीव आली. भाषेचा कानच नाही बिचारीला.

तेवढ्यात लेक आली आणि आईशी भरभर काहीतरी बोलली. दोघी खुदखुदल्या. ही कुठली भाषा, हेरंबला कळेना. मग एक शब्द ओळखीचा वाटला आणि त्याचे कान तापले. भाषा त्याचीच होती.

"आई, बाबा ऐकताहेत!"

"बोल गं बिनधास्त," पोळी उलटत वासंती म्हणाली. "लिहून दाखवल्याशिवाय त्यांना काही कळत नाही."