एक फेरी

नवरा गेल्यापासून बंद पडलेल्या जुन्या गाडीत मावशींनी हट्टाने नवं इंजिन बसवून घेतलं. जुन्या वायरिंगला त्याचा भार पेलेना, म्हणून इलेक्ट्रिशियनने फ्यूज आणि रिलेचा नवा बॉक्सच जोडायला घेतला. पंप, पंखा, दिवे, एकेक वायर ओढताना त्याची मान अवघडून आली. मावशी रोज गॅरेजमध्ये डोकावायच्या, “आज होईल का रे सुरू?”

आज चावी फिरवताच इंजिन सुरू झालं. तो खूश होऊन ड्रायव्हरच्या सीटवरून उठला. “बसा मावशी, एक फेरी मारून या!”

मावशी गाडीला वळसा घालून पलीकडच्या दाराने आत बसल्या.



“मला कुठे येतं चालवायला? मी नेहमी इथेच बसायचे. इंजिन तेवढं जरा चालू राहू दे.”