नावावरचा सोफा

बँकेतल्या बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला आणि पडद्याकडे पुन्हा एकदा पाहिलं.

"तुमचा क्रेडिटचा आकडा फारच खाली आहे," त्या म्हणाल्या. "एवढ्यावर कुठलाच घरमालक खोल्या द्यायचा नाही."

समोर बसलेल्या लिफ्टवाल्याला वाटलं, आपणच काहीतरी चुकीचं ऐकलं. लिफ्ट दुरुस्तीच्या कामावरून तो तसाच आला होता, नखांत काळं ग्रीस घेऊन. "बाई, वर्षभरात एक तारीख चुकवली नाही मी. माझेच पैसे तुमच्याकडे ठेवले, त्यावर तुम्ही क्रेडिट कार्ड दिलंत. माझेच वापरायचे, माझेच भरायचे. तेही पाच तारखेच्या आत."

"कार्डाचं सगळं चोख आहे हो. अडचण त्याच्या आधीची आहे."

"आधीची कशी असेल? आधी इथं आम्हाला काळं कुत्रं विचारत नव्हतं."

शेजारी त्याची बायको बसली होती, मांडीवर कागदांची पिशवी. लाँड्रीतून अर्ध्या दिवसाची रजा टाकून आली होती. आठ महिन्यांत तिनं अकरा जागा पाहिल्या होत्या. या दोन खोल्या चपलांच्या दुकानावर होत्या. स्वयंपाकघराला खिडकी होती, आणि मुलीला अभ्यासाला एक कोपरा निघत होता. मालकाला बँकेचा कागद शुक्रवारपर्यंत हवा होता.

बाईंनी एक कागद छापून त्यांच्यापुढे ठेवला. "फर्निचरचं दुकान. तीन माणसांचा सोफा-कम-बेड, चोवीस हप्ते. चार भरलेत, पुढे बंद. तुम्ही या देशात आल्यावर तिसऱ्याच आठवड्यात घेतलाय. ही सही तुमचीच ना?"

सही त्याच्या नावाची होती, पण त्याची नव्हती. शेवटच्या अक्षराला एवढा लांब फराटा घरात एकच माणूस ओढायचा. दादा. त्याचा मोठा भाऊ. पंधरा महिने तिघंही दादाच्याच घरात राहत होती. आल्या आल्या दादा म्हणाला होता, "तुझे कागद दे इकडे, सगळीकडे नाव नोंदवून आणतो. तू कुठं हेलपाटे घालत बसशील?" त्यानं न बघता सगळा गठ्ठा देऊन टाकला होता. पंधरवडा उलटला नि बाहेरच्या खोलीत सोफा आला. "मग काय, जमिनीवर झोपणार होतात?" दादा हसत म्हणाला होता.

बाईंनी आवाज खाली आणला. "असे प्रकार रोज येतात आमच्याकडे. सही तुमची नसेल तर हा अर्ज भरा. चौकशी होईल, दीडेक महिन्यात नोंद निघून जाईल. तुमचीच असेल तर राहिलेले हप्ते भरून टाका. पण मग डाग लगेच जात नाही. दोन-तीन वर्षं धरून चाला."

त्यानं पेन घेतलं. नाव लिहिलं, पत्ता लिहिला. तिसरी ओळ होती: ही सही कुणी केली असावी? त्या व्यक्तीचं नाव आणि तुमच्याशी नातं.

पेन तिथंच अडलं.

"चौकशी म्हणजे काय होतं, बाई?"

"सही करणाऱ्याला बोलावतात. कधी दंडावर भागतं, कधी खटला उभा राहतो."

त्यानं छापील कागद पुन्हा जवळ ओढला, महिने बोटांवर मोजले. "पाचवा हप्ता त्याच महिन्यातला आहे," तो बायकोला हळूच म्हणाला. "दादाची कंपनी बंद पडली त्या."

रोज सकाळी अंथरूण आवरताना तीच म्हणायची, चला आता इथून, फार झालं. आताही ती 'लिहा' म्हणेल याची तो वाट बघत बसला. तिनं म्हटलं असतं तर त्यानं लिहून टाकलं असतं. स्वतःहून हो किंवा नाही ठरवण्याइतकं बळ त्याच्यात उरलं नव्हतं.

तिनं त्याच्या हाताखालून अर्ज काढून घेतला, सरळ केला आणि बाईंकडे परत सरकवला.

"सोफा आमचाच आहे," ती म्हणाली. "रोज आम्हीच झोपतो त्याच्यावर."

बाईंनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. आधी तिच्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "नक्की?"

"नक्की. किती राहिलेत?"

खोल्यांच्या अनामतीसाठी साठवलेल्या पैशांतले निम्म्याहून जास्त तिथंच गेले. बँकेच्या पायऱ्यांवरूनच त्यानं घरमालकाला फोन लावला आणि खोल्या जमत नाहीत म्हणून सांगितलं. मालक नुसतं "बरं" म्हणाला. का, कशाला, काही विचारलं नाही. दुसरा कुणीतरी तयारच असावा.

बसथांब्यावर दोघं बसली. एक बस आली नि गेली, पण उठावंसं कुणालाच वाटलं नाही. तेवढ्यात फोन वाजला. दादाचं नाव बघून त्यानं फोन तसाच हातात धरून ठेवला. शेवटी तिनंच तो घेतला नि 'हॅलो' म्हणाली. दादाचा आवाज मुळातच मोठा, शेजारी बसलेल्यालाही ऐकू जायचा.

"काय गं, मिळाल्या का खोल्या?"

"नाही भाऊजी. आकडा कमी पडला. अजून दोन-तीन वर्षं तुमच्याकडेच राहावं लागेल असं दिसतंय."

मग दादानं विचारलं, पहिल्यांदाच इतक्या हळू, की नवऱ्याला कान पुढे करावा लागला.

"त्यांनी कागद दाखवला का?"

कागद तिच्या मांडीवर होता. वाऱ्यानं उडू नये म्हणून तिनं त्यावर हात ठेवला होता, नेमका सहीवर.

"नाही," ती म्हणाली. "नुसता आकडा सांगितला."