लपवलेलं फोल्डर

लॅपटॉपमधली जागा पुन्हा भरली, तसा मृण्मयीचा सासूबाईंवरचा संशय पक्का झाला. रोज दुपारी "भजनं ऐकते गं" म्हणत त्या लॅपटॉप घेऊन दार लावून बसायच्या. भजनं ऐकून कुठे जागा भरते!

शेवटी तिने लपवलेलं व्हिडिओंचं फोल्डर हुडकलंच. पुसण्याआधी बघू तर काय दिवे लावलेत, म्हणून एक उघडला.

पडद्यावर सासूबाई. अंगावर पैठणी, सासरे गेल्यापासून कोऱ्या असलेल्या कपाळावर कुंकू. उखाण्यात सासऱ्यांचं नाव घेऊन त्या लाजल्या. मग पदराने कुंकू पुसून टाकलं.

मृण्मयीने जागेसाठी आपल्याच साठवलेल्या मालिका पुसल्या.

संध्याकाळी हळदीकुंकवाला बायका जमल्या, तशा सासूबाई आतल्या खोलीत निघाल्या. तिने करंडा घेऊन अडवलं. "आई, आधी तुम्ही नाव घ्या."

सासूबाईंनी संशयाने तिच्याकडे पाहिलं, मग लॅपटॉपकडे. आणि हळूच कपाळ पुढे केलं.