झुलालभाऊची दादर

"हाई शेवटलं पोतं शे, अक्का," झुलालभाऊने पोतं भिंतीला टेकवलं आणि जाहीर करून टाकलं.

केसरबाईचे हात परातीतच थांबले. धुळ्याला स्टँडच्या मागच्या गल्लीत तिची खानावळ. तिच्याकडे भाकरी मिळायची ती दादर ज्वारीची, आणि दादर यायची ती सोनगीरच्या या झुलालभाऊच्या शेतातून. ट्रकवाले हायवे सोडून तिच्या गल्लीत शिरायचे ते काही तिचं तोंड बघायला नव्हे.

"शेवटचं म्हणजे काय? यंदा पीक दगा देऊन गेलं का?"

"पीक ते झकास उनं. पन आते पेरनं बंद. शेतनी माती भट्टीवालाले दिधी."

उद्या सकाळी वीटभट्टीचे ट्रॅक्टर यायचे होते. कमरेइतकी माती उचलायची, असं बोलणं झालं होतं. विहीर नाही, पाट नाही, वर्षाकाठी एकदाच पिकणारा तो काळा तुकडा. त्याच्यापायी हाडं झिजली, आता पुरे, असं झुलालभाऊने ठरवलं होतं. आणि सांगताना इतका शांत, की म्हातारी शेळीच विकली जणू. केसरबाई भडकलीच.

"अहो, माती गेली की परत येते का? पोरांना काय वीट वाढणार ताटात?"

झुलालभाऊ नुसता हसला. पोतं टाकायचं आणि बस गाठायला पळायचं, ही त्याची नेहमीची रीत. केसरबाई दरवेळी "जेवून जा" म्हणायची, तो दरवेळी हात हलवायचा. आज मात्र पळायचं कशासाठी? शेत तर देऊनच टाकलं होतं. तिने पाट सरकवला, तर गडी मुकाट बसला.

तव्यावरची भाकरी टम्म फुगून निखाऱ्याशी गेली आणि ताटात आली. सोबत उडदाची डाळ, मिरचीचा ठेचा. झुलालभाऊने पहिला घास आपला उगाच खाल्ला, बाईचा मान म्हणून. दुसरा सावकाश चावला. मग त्याने डाळीची वाटी बाजूला सारली आणि कोरडी भाकरीच मोडून तोंडात टाकली. पांढरीशुभ्र, मऊ, आणि चावता चावता जिभेवर गोडी उतरत जाणारी.

त्याचे डोळे आपोआप मिटले. स्टँडवरचे भोंगे, गल्लीतला आरडाओरडा, सगळं हळूहळू लांब गेलं. थंडीतली पहाट झाली. चुलीशी बसलेल्या आईने अर्धी गरम भाकरी हातात कोंबली आणि तो बांधावरून पळत सुटला. पाय गुडघ्यापर्यंत दवाने ओले. दोन्ही बाजूंना दादर डोक्याच्या वर गेलेली, आणि पलीकडे सोनगीरचा किल्ला धुक्यात नुसता तरंगतोय, खाली जमीन नाहीच. शेत संपत नव्हतं. भाकरीही संपत नव्हती. धुक्यात कोणी दिसत नव्हतं, पण बाप इथेच कुठेतरी आहे, आई मागून येतेय, हे त्याला ठाऊक होतं. किती बरं वाटत होतं! असंच चालत राहावं, कोणी हाक मारू नये, असं त्याला वाटलं.

"वाढू का आणखी?" केसरबाईने हाक मारलीच.

त्याने डोळे उघडले. ताटात दुसरी भाकरी कधी आली, तिसरी कधी संपली, काही पत्ता नव्हता. डोळे पुसायला हात वर गेला, तोही त्याच्या नकळत.

"कोनी दादर शे हाई, अक्का?" तो हळूच म्हणाला. "काय भाग्यवान मानूस! काय जमीन व्हई त्यानी!"

केसरबाई खो खो हसली. म्हटलं, भाऊला जाता जाता थट्टा सुचली. मग तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिचं हसू जागीच विरलं.

"भाऊ, अहो, तुमचीच ना! मागच्या पोत्यातली."

झुलालभाऊ ताटातल्या तुकड्याकडे बघत राहिला.

"आमना घर हायब्रीडनी भाकर ऱ्हास," तो म्हणाला. "दादर इकानी ऱ्हास, अक्का. खावानी नई."

खरंच होतं ते. बाजारात स्वस्त हायब्रीड ज्वारी आली, तेव्हापासून गावोगावच्या लहान शेतकऱ्यांनी हेच केलं होतं. दादर शहराला द्यायची आणि आपल्या घरी काळपट, चिवट हायब्रीड न्यायची. झुलालभाऊची द्रौपदाबाई दादर खुडायची, झोडायची, पाखडायची, आणि संध्याकाळी हायब्रीडच्या भाकरी थापायची. इतक्या वर्षांत तिच्या तव्याने दादर पाहिली नव्हती. यात काही चुकतंय असं घरात कोणालाही वाटलं नाही, आणि वाईट वाटतं ते याचंच.

झुलालभाऊने हात धुतले. पोत्याची शिवण सोडली, जमिनीवर उपरणं पसरलं आणि ओंजळ ओंजळ दादर त्यात ओतायला लागला.

"द्रौपदाले लई जास," तो म्हणाला. "तिनी बी खावाले जोयजे."

"न्या की! सगळी न्या!" केसरबाई म्हणाली. तरी तिच्याने राहवेना. "पण भट्टीवाल्याला तर शब्द देऊन बसलात ना?"

झुलालभाऊने गाठोडं बांधलं, खांद्यावर टाकलं आणि दारातून वळून पाहिलं.

"शब्द दिधा, तवय हाई भाकर कोठे खायेल व्हती मी?"