वेदनापट्टा

"मी घरी आले की तो अजून दारापर्यंत येतो, डॉक्टर. एवढं दुखत असतं तर आला असता का?" कर्णिककाकूंनी त्याला कायमचं झोपवणाऱ्या इंजेक्शनला पुन्हा नकार दिला.

डॉक्टर लतिका वाद घालत बसली नाही. काकूंचा म्हातारा कुत्रा गुंड्या टेबलावर कुशीवर पडला होता. तिने एक वेदनापट्टा त्याच्या मानेला बांधला, दुसरा काकूंच्या मनगटाला.

"आता त्याला जे दुखतंय ते तुम्हालाही दुखेल. सांभाळा हं, काकू."

बटण दाबताच काकूंच्या कमरेतून अशी सणक गेली की त्यांनी टेबल घट्ट धरलं.

"हे... सारखं असतं?"

"दिवाळीपासून."

म्हणजे किल्लीचा आवाज आला की तो हे असलं अंग ओढत दारात यायचा. आणि त्या त्यालाच म्हणायच्या, "आळशी झालास रे, उडी नाही मारत आता!"

"द्या इंजेक्शन," काकू म्हणाल्या. मनगटावरचा पट्टा मात्र त्यांनी काढू दिला नाही. त्या वाकल्या आणि त्याच्या कानाशी हळूच म्हणाल्या, "गुंड्या."

आवाज ओळखून त्याने शेपटी हलवली. कळ काकूंच्या माकडहाडातून थेट मस्तकात गेली.

"नको रे बाळा," त्या रडत म्हणाल्या, "नको हलवूस."