कावळ्याला दिलेला शब्द

तापीच्या घाटावर चिंधा मुंडनासाठी न्हाव्यापुढे बसला, तोच वाल्मिकने त्याला दंडाला धरून उठवलं.

"सुतक भावकीला असतं. तू कोण लागतो हिलालचा?"

लिंबायतच्या कामगारवस्तीतल्या एका खोलीत चिंधा आणि हिलाल अर्धं आयुष्य राहिले, एकाच लूमखात्यात माग चालवत राबले. कोर्टाने त्यांच्यासारख्या जोड्यांना गुन्हेगार ठरवणारं कलम काढलं त्या दिवशी हिलालने अख्ख्या खात्याला जिलेबी वाटली होती. कशाची, ते मात्र सांगायची छाती झाली नाही. आज त्याचा दहावा. खोली हिलालच्या नावावर, आणि त्याचा धाकटा भाऊ वाल्मिक आई शोभाबाईला घेऊन धुळ्याहून आल्यापासून चावीच मागत होता.

पिंड मांडला. वर वांग्याचं भरीत, शेजारी खापराचा मांडा. कावळे कठड्यावर बसून राहिले. एकही शिवेना.

"तुझ्या नावानं गावजेवण घालू, हिलाल बाप्पा," शोभाबाई म्हणाली. कावळ्यांनी मान फिरवली. ऊन चढलं, गुरुजी मोबाइल बघू लागले. शेवटी म्हातारी चिंधाकडे वळली. "तूच सांग रे बाबा. कशात जीव अडकला माझ्या लेकाचा?"

हिलाल गेल्यापासून त्याला कोणी पहिल्यांदाच काही विचारत होतं.

"मला खोलीतून काढतील, याचा घोर होता त्याला," चिंधा म्हणाला. "दवाखान्यातही तेच बोलत होता."

वाल्मिकने ओठ चावला. मग हात जोडले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "दादा, खोली चिंधाचीच. आम्ही हात लावणार नाही."

एक कावळा उतरला आणि थेट भरताला चोच मारली. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. चिंधा मात्र ढसाढसा रडला. शोभाबाईने त्याच्या पाठीवरून हात फिरवला. त्या हाताने त्याला फार बरं वाटलं, वेड्याला.

पायऱ्या चढून वर आल्यावर वाल्मिकने तळहात पुढे केला. "चावी."

"आत्ताच तर तुम्ही शब्द दिला."

"दादाला दिला. तो सुटला." वाल्मिकच्या आवाजात राग नव्हता, घाई होती. "बातम्या मी पण बघतो. तुम्हाला आता जेलात घालत नाहीत, एवढंच झालंय. लग्नाला कोर्टाने नाहीच म्हटलं. मग हक्क कसला सांगतो? साक्षीला कावळा उभा करणार?"

चिंधाने शोभाबाईकडे पाहिलं. तिने पदर सारखा केला. खाली कावळा अजून मांडा ओढत होता.

"देऊन टाक बाबा," ती मायेने म्हणाली. "एवढ्या मुश्किलीनं सुटलाय माझा लेक. आता तू त्याला परत अडकवू नको."