सर्कलवरची लिस्ट

कोडिंगच्या क्लासमधली लिंक्ड लिस्ट काही केल्या खिएमच्या डोक्यात शिरेना. "बाई, मी क्लास सोडतो."

"आधी सगळे माझ्या घरी जेवायला चला," थोआबाई म्हणाल्या. "रस्ता विचारायचा नाही. प्रत्येकाने फक्त आपल्या पुढच्या स्कूटरमागे यायचं. लिस्टमधला प्रत्येक घटक तरी दुसरं काय करतो? फक्त पुढच्याचा पत्ता धरून असतो."

ह्युए शहरातल्या मोठ्या सर्कलला बाई कोथिंबीर घ्यायला थांबल्या. त्यांच्या मागच्या खिएमला ते कळलंच नाही. समोर दिसलेल्या स्कूटरमागे तो निघाला. ती होती त्यांच्याच रांगेतली शेवटची! सगळा वर्ग गोल गोल फिरू लागला.

"अरे, सगळ्यात पुढे कोण आहे?" बाई ओरडल्या.

प्रत्येकाने आपल्या पुढच्याकडे बोट दाखवलं.

खिएमने खदखदून हसत ब्रेक दाबला. "कळली, बाई! आता मी कुणाच्याच मागे जात नाही. लिस्ट इथे संपली!"